दहा आणे पाणी

आजचा इशारा पिवळा आहे, असं मुलानं फोनकडे बघत सांगितलं. उद्याचा कदाचित केशरी. मी विचारलं, म्हणजे काय रे? तो म्हणाला, "म्हणजे सावध राहायचं, आई." सावध राहायला मला रंग लागत नाहीत, श्रावण लागला की पुरतं, असं मी म्हटलं. तो हसला आणि फोन खिशात टाकून गोठ्याकडे गेला. माझ्या लेखी पिवळ्या रंगाचा अर्थ एकच, हळद. आणि हळदीवरून मन एकदा घसरलं की ते थेट त्या पेवाच्या तोंडाशी जाऊन थांबतं.

समोर खुर्चीत माझा थोरला भाऊ अण्णा बसला होता. पंच्याऐंशी उलटली आहे. वहिनी गेल्यापासून पावसाळाभर तो माझ्याकडेच असतो. इशाऱ्याचं बोलणं निघालं तसा त्यानं चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. हे त्याचं ठरलेलं आहे. पावसापाण्याचा विषय निघाला की अण्णा चष्मा पुसायला लागतो आणि विषय संपेपर्यंत पुसतच राहतो.

पेव म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. आमचं गाव सांगलीच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. इथली माती अशी घट्ट की खोल खणलं तरी ढासळत नाही. त्या मातीत पूर्वी पेवं खणलेली असत. तोंड इतकं अरुंद की भरल्या अंगाचा माणूस खांदे आवळून आत उतरणार, आणि पोट मात्र खोलीएवढं. जमिनीत पुरलेला रांजणच म्हणा. आतून उसाच्या पाचटाचं अस्तर द्यायचं, वाळलेली हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवून वरून माती लिंपून टाकायची. वर्षानुवर्षं हळद तशीच राहते. आत हवाच नाही, तर कीड जगणार कशी?

ज्या कारणानं कीड जगत नाही त्याच कारणानं माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडायची रीत होती. फरशी काढायची आणि दिवसभर तोंड उघडं सोडायचं. मग दोरीनं पेटता कंदील आत सोडून बघायचं. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर थांबणार. आणि एकदा उघडलेलं पेव पुन्हा झाकायचं नाही, पुरतं उपसायचं, कारण बाहेरची ओल आत गेली की माल गेलाच. थोडक्यात, पेव ही घाईची गोष्टच नव्हती. आज ठरवलं तर उद्या माणूस आत उतरणार.

माझं माहेर वाईचं. म्हणजे नदी तीच, फक्त वरची. लग्न होऊन आले तेव्हा मामंजी म्हणाले होते, "सूनबाई काय परकी न्हाई. आपल्याच पाण्यासंगं व्हात आलीया." मामंजी म्हणजे माझे सासरे, पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्या मिशा, त्यांचा पितळी तांब्या आणि त्यांचा प्रश्न या तिन्ही गोष्टींना घासूनपुसून चमक आणलेली असे. प्रश्न एकच, "व्हय का न्हाई?" भाजीवाल्यापासून व्याह्यापर्यंत सगळ्यांना तोच. मधलं उत्तर त्यांना चालत नसे. "पलटनीत 'बहुतेक' नसतंय," ते म्हणायचे. "दुश्मन आला, न्हाईतर न्हाई आला."

आणि अण्णा तर जन्मजात 'बहुतेक'. लहानपणी आईनं जेवतोस का विचारलं तरी हा म्हणायचा, "बहुतेक." नोकरीही त्याला तशीच लागली. कऱ्हाडला एका कचेरीत तो कारकून होता. कोयना आणि कृष्णा तिथं समोरासमोरून येऊन भेटतात. वर घाटात पाऊस किती झाला, नदी किती चढली, याचे निरोप त्या कचेरीत यायचे आणि अण्णा ते पुढे कळवायचा. कऱ्हाडचं पाणी आमच्या घाटाला लागायला एक दिवस जातो. त्या एका दिवसाच्या अंतरावर माझा भाऊ बसलेला आहे, याचा मला नवी नवरी असताना कोण अभिमान होता!

आमच्या गावात फोन एकच, तो कादरभाईंच्या हळदीच्या अडतीत. नदी चढायला लागली की अण्णा तिथं ट्रंक कॉल लावायचा. कादरभाई सायकलवर बसून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आमच्या दारात यायचे. निरोप अण्णाच्याच शब्दांत, कारण अण्णा तो त्यांच्याकडून घोकून घ्यायचा. "पाहुणं म्हणालं, रुपायाला चार आणं पानी यील, बारा आणं न्हाई."

हे आणे त्याला आणेवारीवरून सुचले होते. पीक सोळा आणे, पीक आठ आणे, असं गावोगाव ठरवतात, ते शेंबड्या पोरालाही कळतं. मग पाण्याचं भाकीत तसं का सांगू नये, असं त्याचं म्हणणं. "सुमे, नदीचं सोळा आणे कुणालाच कळत नाही गं," तो मला म्हणाला होता. "वर पाऊस थांबला तर आलेलं पाणी वाटेत ओसरतं. नाही थांबला तर दुप्पट होतं. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगावं. जास्त सांगितलं तर खोटं, कमी सांगितलं तरी खोटंच."

हे त्याचं बोलणं मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं. पुढं कित्येक वर्षं त्याच बोलण्याचा संताप आला. आता दोन्ही वाटतं, कधी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं.

मोठा दुष्काळ सरून तेव्हा दोनतीन वर्षंच झाली होती. त्या दुष्काळानं लोकांच्या कानांचं काय केलं होतं, हे विसरून चालणार नाही. माझी नणंद जतकडे दिलेली. तिकडे कोरडवाहू जोंधळा, मेंढरं आणि टँकरची वाट. ती माहेरपणाला आली की रेडिओवरचं हवामान लागताच उठून जायची. "तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता," असं तो गोड आवाज सांगायचा आणि नणंद चुलीपाशी जाऊन लाकडं आपटायची. "वहिनी, दोन सालं ह्योच शब्द ऐकला. आमची निम्मी मेंढरं ह्या शब्दावर मेली बगा." आमच्याकडेही चेष्टा चाले, की रेडिओनं पाऊस सांगितला, आता खुशाल पापड वाळत घाला. शक्यता हा शब्द असा झिजून झिजून बिनमोलाचा झाला होता.

तशात तो पावसाळा आला. आषाढ जोरात लागला. घरात चुलीचा धूर कोंडलेला, दोरीवरची लुगडी चार चार दिवस न वाळलेली, आणि पाळण्यात मुलगा सर्दीनं सूं सूं करणारा. आमची पेवं दोन, नदीकडच्या उतारावर शेजारी शेजारी, गावात सगळ्यांत खाली. दोन्ही भरलेली. हळद साठवायची आणि चांगल्या भावाला काढून नदीवर इंजिन बसवायचं, हा ह्यांचा मनसुबा. हे म्हणजे माझे यजमान. माणूस बोलायला कमी, पण इंजिनाचा विषय निघाला की तोंडानंच त्याचा आवाज काढून दाखवायचे. पाळण्यातला मुलगा त्या आवाजाला हसायचा.

एका दुपारी कादरभाई भिजत आले. "पाहुणं म्हणालं, दहा आणं पानी यील, सहा आणं न्हाई."

मामंजींनी तांब्या खाली ठेवला. "म्हंजे येनार."

"तसं न्हाई म्हणालं त्ये. दहा आणं म्हणालं."

"आरं, निम्म्याच्या वर झालं का न्हाई? मग येनारच!"

आणि मामंजींनी गावात दवंडी पिटवली, पूर येणार म्हणून. दवंडीत आणे नव्हते. सहा आणे आमच्या ओसरीवरच गळून पडले होते. त्यातलं एक पेव उघडलं, दिवसभर तोंड उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी भुरभुर पावसात उपसलं. बायका पदराखाली पाट्या धरून पळत होत्या, मीही होते. शेजारच्या चारसहा घरांनीही आपली पेवं उपसली. नदी घाटाच्या वरच्या पायरीला आली, तिथं थोडी रेंगाळली, आणि संध्याकाळी खाली उतरली. आमचं दुसरं पेव उघडायचं राहिलं ते राहिलंच.

माळ्यावर ठेवलेल्या हळदीला आठ दिवसांत बुरशी आली. ओल्या हळदीचा तो वास, आंबूस आणि मातकट, घरभर बसला. भाकरीलाही तोच वास. शेजारणी बोलायच्या थांबल्या नाहीत, उलट जास्तच बोलायला लागल्या. नदीला कुणी काही म्हणालं नाही, पावसाला कुणी नावं ठेवली नाहीत. शिव्या सगळ्या निरोपाला बसल्या. माझ्या भावाचं नाव पडलं 'दहा आण्याचं पाहुणं'. पाणवठ्यावर कुणी मला विचारायचं, "आवं सुमन वैनी, आज भाकरी करनार का दहा आणं करनार?" मी हसून घ्यायचे. घरी येऊन घागर आपटायचे. हवालदाराच्या हातून गावाला खोटा हुकूम गेला, हे मामंजींच्या मनाला लागलं होतं.

श्रावणात पुन्हा झड लागली. यंदाच्यासारखीच, आवाज न करता दिवसरात्र पडणारी. नागपंचमी झाली होती, अंगणातला झोका पाण्यानं जड होऊन लोंबत होता. कादरभाई आले. या वेळी सायकलवरून उतरलेही नाहीत, एक पाय जमिनीला टेकवून उभे राहिले.

"पाहुण्यांचा फोन आल्ता. दहा आणं यील, सहा आणं न्हाई."

तेच शब्द. ओसरीवर बसलेल्या दोघातिघांनी खो खो हसून घेतलं. मामंजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "व्हय का न्हाई?"

"म्या बी इचारलं तात्या, दोनदा इचारलं. म्हणालं, सांगता येत न्हाई. पर खालची पेवं उघडायची असली तर आजच उघडा म्हणालं, उद्या येळ ऱ्हानार न्हाई."

"सांगता येत न्हाई, म्हंजे न्हाई," मामंजी म्हणाले. विषय मिटला.

हे चुलीपाशी आले. मी भाकऱ्या करत होते. पाटावर बसून त्यांनी तव्याकडे बघत विचारलं, "तुला काय वाटतंय? उघडलं तर भिजंल. न्हाई उघडलं तर बुडंल." मी म्हटलं, अण्णा उगीच सांगायचा नाही. ते म्हणाले, "मागल्या बारीला बी उगीच सांगितलं नव्हतं." वडिलांचा शब्द मोडून पेव उघडायचं आणि पुन्हा पाणी आलं नाही, तर गावात म्हाताऱ्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे त्यांच्या मनात होतं. त्यांनी भाकरी खाल्ली आणि गुरांना वैरण टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदी एकदम रुंद दिसायला लागली. पाण्याचा आवाज येईल असं वाटतं, पण तो येत नाही. कुत्री वर यायला लागली. मग बांधावरची बाभूळ पाण्यात उभी दिसली, आणि हे पळाले. मागून दोन गडी, आणि मागून मूल कडेवर घेऊन मी.

फरशी काढली तेव्हा पाणी पेवापासून एका वावराच्या अंतरावर होतं. ह्यांनी रीतीप्रमाणं कंदील सोडला. तो विझला. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला. गडी म्हणाला, "मालक, थांबा, उतरू नगा." हे म्हणाले, "थांबायला येळ कुठाय गड्या? चार पोती तरी निघतील." कमरेला दोरी बांधली, छाती भरून श्वास घेतला आणि खांदे आवळून आत गेले. पहिली पाटी वर आली. पिवळीधमक, खडखडीत कोरडी. दुसरी पाटी आली नाही.

दोरी ओढून त्यांना वर काढलं, तेव्हा अंगभर हळद लागलेली होती. याच्यापुढं मला लिहिता येत नाही. तासाभरात पेव पाण्याखाली गेलं. पूर ओसरला तरी घाटावर कित्येक दिवस पिवळट गाळ होता.

अण्णा आला तो पाणी उतरल्यावर, चिखल तुडवत. सगळं गाव ओसरीसमोर जमलं, कारण आता म्हातारा पाहुण्याला काय काय बोलतो ते ऐकायचं होतं. अण्णा उंबऱ्यापाशीच उभा राहिला. चष्म्यावर पावसाचं पाणी, पण तो पुसत नव्हता. मामंजींनी वर बघितलं. त्या काही दिवसांत त्यांच्या मिशा खाली उतरल्या होत्या.

"पाहुणं," ते म्हणाले, "तुमी दोनी बारीला एकच सांगितलंसा."

अण्णा उंबऱ्यावरच खाली बसला.

"आमी दोनदा दोन ऐकलं. पयल्या बारीला 'व्हय' ऐकलं, दुसऱ्या बारीला 'न्हाई'. तुमी ना ह्ये म्हणाला हुतासा, ना त्ये." त्यांनी तांब्या हातानं बाजूला सारला. "माझ्या पोराला आनं कळत हुतं वं. म्याच कळू दिलं न्हाई."

माझ्या आयुष्यात इतकं जड बोलणं मी दुसरं ऐकलं नाही. जमलेली माणसं एकेक करून निघून गेली. पुढं मामंजी बरीच वर्षं जगले. व्हय का न्हाई, हा प्रश्न त्यांनी पुन्हा कुणाला विचारला नाही. मी भाकरी वाढू का विचारलं तर म्हणायचे, "बघ बाई, तुला वाटंल तसं."

आणि अण्णानं सांगणं सोडलं. नोकरी चालू होती, निरोप पुढं जात होते, पण ते कागदावर जसे येत तसे. त्याचे आणे गेले. कुणी विचारलं, साहेब, पाणी येईल काय, तर चष्मा पुसायला लागायचा. मुलाच्या लग्नात मांडव दारात घालावा की देवळात, म्हणून मी सहज आभाळ दाखवलं, तर पाणी प्यायला म्हणून उठून गेला. एकदाच, फार वर्षांनी, वाईच्या घाटावर बसलो असताना आपणहून म्हणाला, "सुमे, त्या दिवशी मी 'येणारच' म्हणालो असतो तर?"

माझ्याही मनात तेच होतं. का नाही रे बोललास खोटं? एवढं एक खोटं माझ्यासाठी बोलायला काय झालं होतं? मला तर तेव्हा सोळा आणे हवे होते, गाव काय नि नदी काय, माझं माणूस हवं होतं. पण रात्री अंथरुणावर पडलं की दुसरं सुचायचं. आषाढात आमच्या घरानं त्याच्या दहा आण्यांचे सोळा केले होतेच की. त्या सोळा आण्यांनीच तर श्रावणातल्या दहांचं शून्य केलं. त्यानं श्रावणात सोळा म्हटलं असतं, तर कदाचित हे वाचले असते. मग त्याच्या पुढच्या पुरात दुसऱ्या कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलं असतं. या हिशेबाचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि सापडावं असंही आता वाटत नाही.

एवढं मात्र त्या पेवानं शिकवलं. पेव दहा आण्यांवरच उघडावं लागतं. सोळा आणे खात्री होते तेव्हा पाणी बांधावर आलेलं असतं, आणि कंदील विझलेला असतो.

आता पेवं बुजली. उतारावर घाणेरी माजली आहे, पावसात तिथं जमीन मध्येच खचते आणि गुराचा पाय जातो. मुलाला बापाचा चेहरा आठवत नाही. इंजिनाचा आवाज काढून ते त्याला हसवायचे, हेही त्याला माझ्याकडूनच कळलेलं. पुढं त्यानं नदीवर मोटर बसवली तेव्हा मी बघायला गेले नाही.

तर परवा सकाळी मुलगा गोठ्यातून आला आणि पुन्हा फोन बघून म्हणाला, "बघा, कुठं जोराचा म्हणतात, कुठं मध्यम म्हणतात. एक काय ते धड सांगत नाहीत." आवाज त्याचा स्वतःचा होता, पण मला ओसरीवर मामंजी दिसले. अण्णाचा चष्मा पुसणं चाललंच होतं.

मी त्याच्या खुर्चीजवळ पाट ओढून बसले. त्याच्या हातातला चष्मा काढून घेतला आणि त्याच्या नाकावर चढवला.

"अण्णा," मी म्हटलं, "किती आणे?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की क्षणभर मला वाटलं, विचारायला नको होतं. मग त्यानं मान वळवून नदीकडे बघितलं, वर घाटाकडच्या आभाळाकडे बघितलं. बाहेर ती झड पडतच होती.

"सांगता येत नाही गं," तो म्हणाला. आणि मग, फार हळू, "दहा आणे येईल. सहा आणे नाही."

"बरं," म्हणून मी उठले. मुलाला हाक मारली, धान्याची पोती माडीवर न्यायला सांगितली आणि गुरं वरच्या वस्तीवर.

"अगं आई, पण नक्की कुठं आहे?"

"नक्की नाही, म्हणून तर आत्ता म्हणतेय."

तो कुरकुरला, पण कामाला लागला. अण्णा काठी टेकत आला आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. त्याला सांगितलं नव्हतं. मी आणून दिलेले डबे, गाठोडी, ह्यांचा फोटो तो हातात घेऊन एकेक पायरी वर सरकवत होता, आणि वरून सून ते उचलून नेत होती. दुपार त्यातच गेली.

हे लिहिते आहे ते माडीवर, पोत्याला टेकून. दोन दिवस झाले, पाणी अजून आलेलं नाही. शेजारचे येऊन हसून गेले. सामान मी खाली नेलेलं नाही.